सायबर धोक्यांच्या माहितीचा विनिमय, अमेरिकेतील कायदे

संगणकजालांवरील हल्ल्यांच्या खुणा शासन व खाजगी कंपन्या यांनी परस्परांना कळवाव्यात, यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत करण्यात आलेले कायदे. हल्ल्याचा उगम असलेला जालपत्ता, घातक आज्ञावलीची ओळख यांसारख्या खुणा एकाने वेळीच कळविल्यास इतरांना सावध होता येते, हे त्यांमागील मूळ तत्त्व होय.

नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आपत्कालीन प्रतिसादाचे समन्वय केंद्र स्थापन झाले. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निदेशाने उद्योगक्षेत्रवार माहिती-विनिमय केंद्रांना चालना मिळाली. तथापि न्यायालयीन दावे, मक्तेदारीविरोधी कारवाई व लौकिकहानी यांच्या भीतीने कंपन्या माहिती देण्यास कचरत.

ही भीती दूर करण्यासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१२ व २०१३ मध्ये संमत केले. परंतु सीनेटमध्ये ते अडले. नागरिकांचा खाजगी व्यवहार गुप्तवार्ता यंत्रणांच्या हाती जाईल, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. २०१३ मधील स्नोडेन यांच्या गौप्यस्फोटाने तो अधिकच बळावला. २०१५ मध्ये मात्र केंद्रीय कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयाकडील सुमारे २ कोटी १५ लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेल्याचे उघडकीस आले आणि कायद्याची निकड वाढली. सीनेटने ऑक्टोबरमध्ये ७४ विरुद्ध २१ मतांनी नवे विधेयक संमत केले. पुढे ते विनियोजन विधेयकात अंतर्भूत होऊन १८ डिसेंबर २०१५ रोजी ओबामा यांच्या स्वाक्षरीने त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

या अधिनियमानुसार माहिती देणे ऐच्छिक होते. विहित रीतीने ती देणाऱ्या कंपनीस दाव्यांपासून व मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळाले. धोक्याशी थेट संबंध नसलेला व वैयक्तिक असल्याचे ज्ञात असलेला तपशील आधी वगळणे तिच्यावर बंधनकारक होते. माहिती स्वीकारण्याचे मुख्य काम अंतर्गत सुरक्षा खात्याकडे, म्हणजे मुलकी यंत्रणेकडे सोपविण्यात आले. परंतु तेथून ती संरक्षण खात्यासह इतर खात्यांकडेही जात असल्याने मूळ आक्षेप पूर्णतः मिटला नाही.

केवळ स्वेच्छेवर विसंबणे अपुरे ठरल्याने २०२२ च्या कायद्याने अत्यावश्यक सेवांवरील गंभीर हल्ले ७२ तासांत कळविण्याच्या सक्तीची तरतूद केली. २०१५ च्या अधिनियमाची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली आणि कंपन्यांचे संरक्षण काही आठवडे खंडित झाले. नोव्हेंबरमध्ये त्यास ३० जानेवारी २०२६ पर्यंत तात्पुरती मुदतवाढ देण्यात आली. सुरक्षिततेसाठी माहिती खुली करणे आणि नागरिकांचे खाजगीपण राखणे, या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न या साऱ्या विधिनिर्मितीच्या मुळाशी आहे.