बडोद्याचे आचारी आणि आमचे नाना

बडोद्यातल्या जुन्या मराठी वाड्यांच्या आठवणी निघाल्या की दिवाणखाना येतो, देवघर येतं, झोपाळा येतो. स्वयंपाकघर आलंच तर आजीच्या हातच्या चवीपुरतं. पण दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या बऱ्याच सुखवस्तू घरांत चुलीपाशी एक बाप्या माणूस उघड्या अंगाने, पंचा नेसून उभा असे. त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मी लिहितो, कारण त्यातला एक माझे वडील होते.

नाना राजापूरकडचे. अकराव्या वर्षी एका लांबच्या काकांबरोबर बडोद्याला आले, ते पाणक्या म्हणून. विहिरीचं पाणी भरायचं, भांडी घासायची, पाटा वाटायचा. तेव्हा सयाजीराव महाराजांचं राज्य होतं, सरदार-दरकदारांच्या घरी माणसांचा राबता होता आणि कोकणातल्या गरीब ब्राह्मणाच्या पोराला स्वयंपाकघरात शिरणं सोपं होतं. शाळा नको, भांडवल नको, जानवं असलं की झालं.

आता प्रश्न असा की घरचा स्वयंपाक जर बाईचा, तर पगारी माणूस पुरुष का? सोवळं हे मोठं कारण. बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसणार, त्या दिवसांत देवाचा नैवेद्य आणि श्राद्धाचा स्वयंपाक अडायचा. पुरुषाचं तसं अडत नसे. दुसरं म्हणजे मोठाली तपेली उतरवायची, मालकाबरोबर गावोगाव जायचं. स्वयंपाकीणबाईही असत, बहुतेक विधवा, आणि त्यांना पुरुषापेक्षा कमी मिळे. म्हणजे घरात बाईने केलं तर फुकट, विधवेने केलं तर थोडकं, आणि पुरुषाने केलं तर पगार. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

पगार मिळे, मान नाही. 'बायकी काम' हा शब्द नानांच्या पाठीमागे कायम असे. ह्याच शहराने बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, त्यांच्या मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता. पुरुषाने शालू नेसला तर कला, पोळपाट घेतला तर बायकी! गंमत म्हणजे गुजराथी यजमान नानांना 'महाराज' म्हणत, कारण त्यांच्याकडे आचाऱ्याला तसंच म्हणतात. एक महाराज लक्ष्मीविलासात, दुसरे आमच्या दोन खोल्यांत. आपली मराठी मंडळी मात्र नाना साठीला आले तरी 'अरे, आचाऱ्याला बोलाव' म्हणत.

पुराणातसुद्धा पाहा, भीम विराटाघरी बल्लव झाला तो ओळख लपवायला. बाहुक झालेल्या नळाला दमयंतीने ओळखलं त्यात त्याच्या हातच्या चवीचाही भाग होता. पुस्तकांत तरी काय वेगळं? 'सूपशास्त्र' हे मराठीतलं अगदी सुरुवातीचं छापील पाकपुस्तक 1875 सालचं, लिहिणारे रामचंद्र सखाराम गुप्ते. पुढे 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं पुस्तक आलं, त्याचं नावच 'गृहिणीमित्र'. आचाऱ्याचा मित्र कुणी झालं नाही.

1949 च्या मे महिन्यात संस्थान विलीन झालं आणि सरदारांच्या घरची कायमची नोकरी हळूहळू संपली. नाना लग्नामुंजींची कामं घेऊ लागले. पहाटे तीनला उठून जमिनीत चर खणायचा, लाकडं रचायची. पुरणपोळीला मराठी घरात हरभऱ्याची डाळ, गुजराथी घरात तुरीची, हे न विचारता त्यांना कळे. चक्क्याला बरोबरीची साखर. प्रमाणं एका वहीत होती, पण वही कधी उघडली नाही. आई बाजूला बसली की घरातली चूलही तेच पेटवत आणि तिचं ताट तिच्यापुढे सरकवत. शेजारच्या बायका हसत. आई हसत नसे.

मी कॉमर्सची पदवी घेतली, 1973 ला बँकेत लागलो. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'खाजगी नोकरी' लिहिलं. खोटं नव्हतं. पण लिहिताना आजूबाजूला पाहिलं होतं, ते आठवतं.

पाच वर्षांनी आमच्या एका साहेबांच्या मुलाची मुंज होती. सगळा स्टाफ आमंत्रित. पंगतीला बसलो आणि मांडवाच्या मागच्या बाजूने नानांचा आवाज ऐकू आला, कुणाला तरी मठ्ठ्यात मीठ कमी आहे म्हणून सांगत होते. काम कुणाकडचं ते घरी सांगायची त्यांना सवय नव्हती आणि मलाही विचारायची नव्हती. शेजारी आमचे हेड कॅशियर होते. ते म्हणाले, "आचारी झकास आहे हो, कोण आहे कुणास ठाऊक." मी म्हणालो, "हो ना."

आचारी वाढायला येत नाही, ते वाढप्यांचं काम. त्या दिवशी माणसं कमी पडली असावीत. नाना स्वतः जिलबीचं ताट घेऊन ओळीने आले. प्रत्येकाला वाढत, प्रत्येकाला तेच म्हणत. माझ्यापाशी आले, दोन जिलब्या पानात ठेवल्या, म्हणाले, "सावकाश होऊ द्या," आणि पुढे हेड कॅशियरकडे वळले. मी मान वर केली नाही. त्यांचे पाय तेवढे दिसले, टाचांना भेगा आणि पंचावर पाकाचे थेंब.

रात्री घरी आल्यावर त्यांनी आईला गरम पाणी मागितलं, पाय शेकले आणि झोपले. त्या विषयावर आम्ही पुढे कधीही बोललो नाही. नाना जाऊन आता तीसएक वर्षं झाली.

ती वही माझ्याकडे आहे. मोडी-देवनागरीची सरमिसळ, पानं तेलकट. पहिल्या पानावर नाव, गाव, आणि खाली 'धंदा – स्वयंपाक' असं जाड अक्षरात लिहिलंय.

कुणाकडे बडोद्याच्या जुन्या लग्नामुंजींचे फोटो असतील तर जरा पाहा. पंगतीच्या फोटोत मागे कोपऱ्यात चुलीपाशी उभी माणसं कधीकधी येतात. नावं माहीत असली तर फोटोखाली लिहा. माझ्याकडे नानांचा झारा हातात असलेला एकही फोटो नाही.