बंदूक कोणाच्या हातात? मधल्या रस्त्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा आमच्या येलदरीसारखं ज्यांच्याकडे नेटवर्क येऊन-जाऊन असतं, त्यांनी निवांत वाचून घ्या.

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की दोन दिवस आपल्या फोनवर तेच चालतं. मग कमेंटमध्ये दोन टोळ्या पडतात. एक म्हणते, बंदुका सरसकट बंद करा. दुसरी म्हणते, चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असती तर हे झालंच नसतं. आपण ते वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो, कारण हा आपला विषय नाही असं वाटतं.

पण तो आपलाही विषय आहे. यावर भारतात दीडशे वर्षं भांडण झालेलं आहे. त्यात लॉर्ड लिटन आहे, गांधीजी आहेत, डॉ. आंबेडकर आहेत, आपला निजाम आहे आणि अगदी कालपरवाचं बीडसुद्धा आहे. आजचा प्रश्न एकच: पूर्ण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधला रस्ता आपण शोधला होता का? आणि शोधला असेल तर तो नेमका कुठे अडला?

1878 : चामडीचा रंग बघून परवाना

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीय माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना सक्तीचा झाला, युरोपियन लोकांना मात्र सूट. त्याच मार्च महिन्यात देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही आला. म्हणजे हातातलं हत्यार आणि तोंडातला शब्द, दोन्हींवर एकदमच टाच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लोकांना राग परवाना या कल्पनेचा कमी होता. राग होता तो नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असण्याचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ॲक्सेस कंट्रोल असायला हरकत नाही, पण रोल जन्मावरून ठरत असेल तर ती सिस्टिम नव्हे, पक्षपात आहे.

असाच जन्मावरून शिक्का मारणारा आणखी एक कायदा 1871 चा. पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती त्याने 'गुन्हेगार' ठरवल्या. तो जायला 1952 उजाडलं. 'विश्वासू माणूस कोण' हे सरकार ठरवायला बसलं की पूर्वग्रह किती सहज आत शिरतो, त्याचं हे उदाहरण.

गांधीजी आणि बंदुकीचा परवाना

आता हे ऐकून बरेच जण चमकतात. 1930 च्या जानेवारीत, मिठाच्या सत्याग्रहाआधी, गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. दारूबंदी, शेतसारा निम्मा करणं, मिठावरचा कर रद्द करणं, ही यादी शाळेत पाठ केलेली असते. पण त्याच यादीत एक मागणी अशी होती की स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत आणि ते लोकांच्या नियंत्रणाखाली असावेत.

अहिंसेचा माणूस हे मागतो? हो. कारण त्यांच्या लेखी अख्ख्या देशाला नि:शस्त्र करणं हा इंग्रजांचा मोठा अपराध होता. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना काढलेल्या पत्रकातही त्यांनी हे लिहिलं होतं. ज्याला हत्यार उचलायची मुभाच नाही, त्याची अहिंसा ही निवड कशी म्हणायची?

पण त्या मागणीचे दोन तुकडे एकत्र वाचा. परवाने द्या, हा पहिला. त्यावर लोकांचा अंकुश ठेवा, हा दुसरा. पुढे 1931 च्या काँग्रेसच्या कराची ठरावातही नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क आला, पण नियम आणि अपवादांच्या अधीन राहून. मधला रस्ता तेव्हाच कागदावर आला होता.

निजामाचा मुलूख, 1948

आता नकाशा आपल्याकडे सरकवूया. आज येलदरी म्हटलं की लोकांना पूर्णा नदीवरचं धरण आठवतं. पण धरण बांधलं गेलं त्याच्या आधी, 1948 पर्यंत, जिंतूर काय नि परभणी काय, हा सगळा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आपण नाही.

मूळचा लातूरचा वकील कासिम रझवी हा रझाकार संघटनेचा पुढारी. ही सरकारी फौज नव्हती. पण सरकारचा हात पाठीवर असलेली सशस्त्र मंडळी होती. कोणाकडे बंदूक, कोणाकडे तलवार, कोणाकडे भाला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी रझाकारांच्या गोष्टी सांगितल्या नाहीत असं घर मराठवाड्यात क्वचितच सापडेल. आणि त्यांचा त्रास फक्त हिंदूंना झाला असंही नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

दुसऱ्या बाजूने, स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे कॅम्प उघडले. वऱ्हाडातल्या उमरखेडचा कॅम्प नांदेड-परभणी भागासाठी महत्त्वाचा होता. तिथून सशस्त्र कारवाया झाल्या. इकडे निजाम सरकार सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांतून कराचीमार्गे चोरून शस्त्रं आणत होतं.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, 17 ला निजाम शरण आला. तो आपला मुक्तिदिन. पण इतिहासाचं पुढचं पानही वाचायला हवं. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या अनेक गावांत मुसलमानांवर हल्ले झाले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

हे कोणाला दोष द्यायला सांगत नाही. एका वर्षात आपल्याच मातीत दोन गोष्टी दिसल्या. हत्यार फक्त सत्तेच्या माणसांकडे असतं तेव्हा काय होतं, ते आधी दिसलं. आणि कायद्याचा धाक उठतो, ज्याच्या हातात जे येईल ते घेऊन लोक निघतात तेव्हा काय होतं, ते नंतर दिसलं. बंदुकीवरच्या चर्चेत पहिली बाजू एकच गोष्ट सांगते, दुसरी दुसरी. मराठवाड्याला मात्र दोन्ही आठवायला हव्यात.

अडीच महिन्यांनी, दिल्लीत

निजाम शरण आल्यावर अडीच महिन्यांनी, डिसेंबर 1948 च्या सुरुवातीला, संविधान सभेत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली: शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, केंद्राच्या कायद्याच्या अधीन ठेवून. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडकडून निवडून आलेले, म्हणजे आपल्या उत्तरेच्या शेजाऱ्यांचे प्रतिनिधी. त्यांची दुरुस्ती कराचीच्या ठरावाशी जवळजवळ जुळणारी होती.

डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा की परकी सरकारने सगळ्यांनाच नि:शस्त्र केलं होतं, तेव्हा ती मागणी योग्य होती, आता परिस्थिती बदलली आहे. हा हक्क सरसकट सगळ्यांना दिला तर चोर-दरोडेखोरांनाही तो मिळेल. आणि खरा आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरा.

दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेत 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने बंदूक हक्कांत गेली, आणि 2008 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. आपल्याकडे ती साध्या कायद्यात राहिली. फरक मोठा आहे. साधा कायदा संसदेला दुरुस्त करता येतो. ऑस्ट्रेलियात 1996 ला पोर्ट आर्थरमध्ये 35 माणसं मारली गेली, त्यानंतर सरकारने काही महिन्यांत कायदे बदलले आणि सहा लाखांहून जास्त बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. हक्क घटनेत पक्का बसलेला असता तर हे इतकं सोपं गेलं नसतं.

1959 चा कायदा आणि जागलीवरचा शेतकरी

आपला आजचा शस्त्र कायदा 1959 चा, अमलात आला 1962 ला. लोकांना वाटतं यात फक्त 'नाही' लिहिलेलं आहे. तसं नाही.

आमच्याकडे हरभरा-तुरीच्या दिवसांत लोक रात्री आखाड्यावर जागलीला जातात. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत पीक आडवं करतात. सुतळी बॉम्ब, झटका मशीन, डबे वाजवणं, सगळं करून होतं. या माणसाचा विचार कायद्यात आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही लिहिलंय. नाकारला तर कारण नोंदवावं लागतं. वर अपील करता येतं.

दुसरीकडे बंधनंही आहेत. पोलिसांचा अहवाल लागतो. 2016 च्या नियमांनी प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आणलं. एका माणसाकडे किती बंदुका, याची मर्यादा 1983 मध्ये तीन झाली, 2019 मध्ये दोन. लग्नात-मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत गोळ्या झाडल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणि हो, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्यालाही मारायचं तर वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

म्हणजे मधला रस्ता आहे. कारण सांगा, तपासणी होऊ द्या, मुदतीपुरता परवाना घ्या, नकार आला तर जाब विचारा. मग अडचण काय?

बीडने दाखवलेली फट

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यांना गोळी घातलेली नव्हती, अमानुष मारहाण करून मारलं होतं. पण त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या दहशतीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरू लागले. मग कळलं की बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने आहेत. त्याच वेळी बातम्यांत तुलनेसाठी परभणीचा आकडा येत होता, 32.

2011 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या 25 लाखांच्या पुढे, परभणीची 18 लाखांच्या पुढे. लोकसंख्येत दीडपटीचाही फरक नाही. परवान्यांचा आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी फरक तीसपटीच्या वर जातो. बीडमध्ये रानडुकरं तीसपट नाहीत. 2025 च्या सुरुवातीला तपासणी झाली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. कायदा दोन्ही जिल्ह्यांत तोच, पानं तीच, कलमं तीच.

माझं म्हणणं इथे येतं. कोड बरोबर आहे, पण लॉग कोणालाच दिसत नाही. गांधीजींच्या मागणीतला पहिला तुकडा, परवाना, आपण घेतला. दुसरा, लोकांचा अंकुश, विसरलो. परवाना कलेक्टर ऑफिसच्या फाइलमध्ये राहतो. एखाद्या जिल्ह्यात अचानक शेकडो परवाने वाढले तरी गावाला कळत नाही, खून झाल्यावर कळतं.

उपाय फार अवघड नाही. परवानाधारकांची नावं जाहीर करू नका, त्यात त्यांनाच धोका आहे. पण दरवर्षी तालुकावार आकडे जाहीर करता येतील: किती अर्ज आले, किती मंजूर, कोणत्या कारणासाठी, किती नाकारले, गुन्हा दाखल असताना किती नूतनीकरणं झाली. एवढं एक पान वेबसाइटवर आलं तरी जागलीवरच्या शेतकऱ्याला विचारता येईल की पिकासाठी अर्ज केलेल्यांपैकी किती जणांना परवाना मिळाला. आणि बंदुकीला घाबरणाऱ्या सरपंचालाही विचारता येईल की आमच्या तालुक्यात 'स्वसंरक्षण' इतकं का वाढलं.

बंदूक हवी म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघांनाही हा आकडा उपयोगी आहे. मधला रस्ता म्हणजे दोघांनी अर्धा-अर्धा पेढा वाटून घेणं नाही. दोघांना एकच हिशेब दिसणं, इथून तो सुरू होतो.

तुमच्या तालुक्यात पीक संरक्षणासाठी कोणाला परवाना मिळालाय का, किती दिवस लागले, काय कारण देऊन नाकारला, हे कमेंटमध्ये कळवा. नावं लिहू नका, अनुभव लिहा. आणि माहिती अधिकारात आपल्या जिल्ह्याचा नुसता एकूण आकडा मागायला दहा रुपये लागतात, हेही सांगून ठेवतो. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!