वीजतारांवरील घरगुती संगणकजाल

घरातील दिवे-पंख्यांसाठी आधीच टाकलेल्या वीजतारांमधूनच संगणक, टीव्ही, कॅमेरे अशा उपकरणांतील माहितीची ने-आण करण्याची पद्धत. बाजारातील नाव ‘पॉवरलाइन’. राउटरजवळच्या सॉकेटमध्ये एक अ‍ॅडॉप्टर आणि लांबच्या खोलीतील सॉकेटमध्ये दुसरा लावतात. दोघांमधील दुवा म्हणजे भिंतीतील फेज आणि न्यूट्रल. २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील अत्यल्प शक्तीचा संदेश चढवला जातो व पलीकडे गाळून घेतला जातो. प्रस्तुत नोंद हरसूल (ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक) आणि तशा डोंगरी गावांतील घरे समोर ठेवून केली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती कारागृहामुळे परिचित असलेले हर्सूल वेगळे.

पूर्वपीठिका : वीजतारेतून संदेश पाठवण्याची कल्पना घरात येण्याच्या कितीतरी आधी अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांवर रुळली. अमेरिकी लष्करी अधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी १९१० च्या सुमारास तारेवर उच्च वारंवारतेचे प्रवाह चढवून एकाच तारेतून अनेक संभाषणे नेऊन दाखवली. १९२० च्या दशकात वीज कंपन्यांनी हेच तत्त्व पारेषण वाहिन्यांवर वापरायला सुरुवात केली. भारतातील राज्य वीज मंडळांनीही ते स्वीकारले आणि महाराष्ट्रातील उपकेंद्रांतून त्याच्या खुणा आजही दिसतात. १३२ किंवा २२० केव्ही वाहिनी उपकेंद्रात शिरते तिथे तारेला टांगलेले पिंपासारखे वेटोळे असते, तो ‘वेव्ह ट्रॅप’. त्याचे प्रेरकत्व साधारणतः अर्धा ते एक मिलीहेन्री असते. ५० हर्ट्‌झची वीज त्यातून विनासायास जाते. ४० ते ५०० किलोहर्ट्‌झचा संदेश मात्र त्याला अडतो आणि शेजारच्या कपलिंग कपॅसिटरमार्गे खाली दळणवळण कक्षात उतरतो. एका उपकेंद्रातून दुसऱ्याशी बोलणे, कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राला आकडे कळवणे आणि वाहिनीवर दोष आला की पलीकडच्या टोकाचा ब्रेकर पाडणे ही कामे या पद्धतीने वर्षानुवर्षे चोख केली. पुढे वाहिनीच्या माथ्यावरील भूतारेतच प्रकाशतंतू घालण्याची पद्धत आली आणि यातील बराच भार तिच्यावर गेला.

पारेषण वाहिनीवर संदेश शेकडो किलोमीटर जातो, मग घरात दोन खोल्यांमध्ये तो का अडखळतो, असे विचारले जाते. पारेषण वाहिनीला फाटे थोडे असतात, तिची दोन्ही टोके माहीत असतात आणि प्रत्येक टोकाला संदेश बाहेर सांडू नये म्हणून ट्रॅप बसवलेला असतो. घरातील वायरिंगला दर खोलीत फाटे असतात, प्रत्येक फाट्याच्या टोकाला वेगळे उपकरण असते आणि संदेश अडवणारे काहीही नसते. शिवाय घरगुती संदेशाची वारंवारता पारेषणाच्या कितीतरी पट जास्त असल्याने तो तारेत लवकर क्षीण होतो.

घरगुती मानके : स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये ‘एक्स-१०’ ही पद्धत तयार केली. तिच्यात विद्युत लहर शून्यावर येण्याच्या क्षणी १२० किलोहर्ट्‌झचा छोटा स्पंद तारेवर सोडला जातो. दिवा लावणे-बंद करणे एवढ्यापुरतीच ती उपयोगी होती. संगणकासाठी २००० मध्ये ‘होमप्लग’ ही उत्पादकांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले मानक २००१ मध्ये १४ मेगाबिटचे आणि दुसरे (‘एव्ही’) २००५ मध्ये २०० मेगाबिटचे आले. २०१० मध्ये आयईईईने १९०१ क्रमांकाचे मानक मंजूर केले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे ‘जी.एचएन’ हे याच सुमाराचे. ते वीजतार, टेलिफोन तार आणि केबल टीव्हीची तार या तिन्हींसाठी आहे. होमप्लग आणि जी.एचएन यांचे अ‍ॅडॉप्टर एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून जोडी एकाच मानकाची घ्यावी.

कार्यपद्धती : ‘एव्ही’ मानकात साधारण २ ते २८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा शेकडो अरुंद वाहकांत विभागला जातो. प्रत्येक वाहकावर किती भार टाकायचा हे दोन अ‍ॅडॉप्टर आपसात ठरवतात आणि तारेची स्थिती बदलली की पुन्हा ठरवतात. गोंगाट असलेले वाहक मोकळे सोडले जातात. विजेच्या प्रत्येक लहरीत गोंगाट ठराविक ठिकाणी वाढतो आणि ठराविक ठिकाणी कमी होतो. अ‍ॅडॉप्टर त्यानुसार लहरीच्या भागागणिक वेग बदलतो.

वेग : खोक्यावर छापलेला आकडा तारेवरील सैद्धांतिक वेगाचा, हाती येतो तो निम्म्याहूनही कमी.

वायरिंग आणि अर्थिंग : या पद्धतीचे यश खोक्यापेक्षा भिंतीतल्या तारेवर अवलंबून असते. महागडा अ‍ॅडॉप्टर घेऊनही निराश झालेल्या घरांत दोष बहुधा बोर्डाच्या मागे सापडतो. जुन्या घरांतील लाकडी बॅटन पट्टीवरची वायरिंग, केसिंग-कॅपिंग आणि भिंतीत गाडलेली कन्सील्ड वायरिंग यांपैकी संदेशाला कोणतीही चालते. चालत नाहीत ते हाताने पीळ देऊन टेप गुंडाळलेले सांधे. अशा सांध्यात दिवा लागतो, पंखा फिरतो, पण मेगाहर्ट्‌झचा संदेश परावर्तित होऊन मागे येतो. अ‍ॅल्युमिनियमची जुनी तार तांब्याच्या नव्या तारेला जोडलेली असेल तर सांधा कालांतराने खराब होतो, आणि ते सुरक्षिततेच्या दृष्टीनेही घातक आहे.

नव्या पिढीचे ‘एव्ही-२’ अ‍ॅडॉप्टर फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थची तारही वापरून दुसरा मार्ग उघडतात. त्यासाठी तीन पिनांचा प्लग असून भागत नाही, सॉकेटमागे हिरवी तार खरोखर जोडलेली असावी लागते. कित्येक घरांत बोर्डाला तिसरे भोक असते, पण मागे काहीच नसते. वायरमन टेस्ट लॅम्पची एक तार फेजला आणि दुसरी अर्थच्या पिनला लावून पाहतात. दिवा पूर्ण तेजाने पेटला तर अर्थ आहे असे धरले जाते. मंद पेटला तर अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध जास्त. प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी बसवलेली असेल तर तीच पडते. पण अर्थची पिन न्यूट्रलला जोडण्याची घातक पळवाट कुणी काढली असेल, तरी दिवा पूर्ण पेटतो. म्हणून मेन स्विच बंद करून बोर्ड उघडून पाहणे अटळ. संदेशासाठी बोर्डापासून बोर्डापर्यंत सलग गेलेली हिरवी तार महत्त्वाची. कोळसा-मिठाचा खड्डा चांगला असणे माणसाच्या जिवासाठी महत्त्वाचे. खडकाळ उतारावरच्या घरांत उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावे लागते. अर्थिंगची भारतीय संहिता आयएस ३०४३ आणि वायरिंगची आयएस ७३२ आहे.

हरसूल : त्र्यंबकेश्वरच्या पश्चिम डोंगराळ पट्ट्यातील, गुजरात सीमेजवळचे बाजाराचे गाव. परिसर आदिवासीबहुल (कोकणा, वारली, महादेव कोळी), पाऊस भरपूर, पिके भात-नागलीची. अशा गावांत जाड मातीच्या भिंती, नवे स्लॅबचे बांधकाम आणि पत्र्याचे छत ही तिन्ही शेजारी-शेजारी आढळतात. यांतील पत्रा आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब वाय-फायला सर्वांत जास्त अडवतात. तार मात्र भिंत ओलांडून आधीच पलीकडे गेलेली असते, म्हणून अशा घरांना ही पद्धत सुचवली जाते.

तिथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली मीटरची. पुढे दुकान आणि मागे राहते घर असलेल्या बाजारपेठेतील वास्तूत महावितरणची दोन कनेक्शन असतात, एक वाणिज्यिक आणि एक घरगुती. दुकानातून घरात संदेश जायचा तर तो दोन मीटर आणि दोन मेन स्विच ओलांडून जातो. दोन्ही कनेक्शन खांबावर वेगवेगळ्या फेजवर असतील तर तो बहुतेक वाटेतच संपतो. अशा वेळी अ‍ॅडॉप्टर बदलून उपयोग नसतो. दुकान व घर यांच्यात साधी लॅन केबल टाकावी. एकच सिंगल फेज कनेक्शन असलेल्या घरात मात्र ही अडचण उद्भवत नाही.

दुसरी अडचण विजा आणि दाबातील झटक्यांची. मान्सूनपूर्व वादळात उपकरणे जळतात म्हणून लोक सर्व काही स्पाइक बस्टरमधून चालवतात, आणि ते योग्यच आहे. पण अनेक स्पाइक बस्टरमध्ये मेगाहर्ट्‌झ गाळणारे फिल्टर असते, त्यामुळे तिथे लावलेला अ‍ॅडॉप्टर मुका होतो. भिंतीतील सॉकेटमध्ये थेट लावला तर संरक्षण जाते. यावर उपाय म्हणजे लाट-संरक्षक (एसपीडी) मीटरनंतर मुख्य वितरण पेटीत बसवणे. त्याला चांगले अर्थिंग लागते. आभाळ गडगडू लागले की अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा.

भारनियमन आणि इन्व्हर्टर : वीज गेली की जाल बंद पडते. घरातील मोजकेच पॉइंट इन्व्हर्टरवर असतात. राउटर आणि दोन्ही अ‍ॅडॉप्टर त्याच पॉइंटांवर असतील तरच जाल चालू राहते. एक अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या बाजूला आणि दुसरा थेट पुरवठ्यावर असेल तर वीज असतानाही इन्व्हर्टरमधील रिले व फिल्टरमधून जाताना संदेश दुबळा होतो.

गोंगाट करणारी उपकरणे : मिक्सर (कार्बन ब्रशच्या ठिणग्यांमुळे), पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, मोबाइल चार्जर. चार्जर गोंगाट करतोच, शिवाय त्यातील फिल्टर कपॅसिटर संदेश गिळतो. एकाच सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर आणि चार्जर लावू नयेत.

गोपनीयता : संदेश मीटरपाशी थांबतोच असे नाही. एकाच रोहित्रावरील (बोलीत डीपी) शेजारच्या घरात तो पोहोचू शकतो. पहिल्या मानकात ५६ बिटांची कूटप्रणाली होती, ‘एव्ही’त १२८ बिटांची आहे. पण कारखान्यातून येताना सर्व अ‍ॅडॉप्टरांत एकच सांकेतिक शब्द असे, आणि तो बदलला नाही तर कूट निरर्थक ठरते. जोडीचे बटण दोन्ही अ‍ॅडॉप्टरांवर लागोपाठ दाबले की नवी किल्ली तयार होते.

रेडिओवरील परिणाम : घरातील तार अँटेनासारखी वागते व लघुलहरींवर खरखर होते. हौशी रेडिओचे पट्टे मानकांतच वगळले आहेत. उरलेला त्रास कितपत आहे याबाबत रेडिओ हौशी आणि उत्पादक यांचे एकमत नाही.

गावाला इंटरनेट : वीजतारेतून गावोगावी इंटरनेट नेण्याची कल्पना २००० नंतर काही काळ जोरात होती. अमेरिकेतील मनासस (व्हर्जिनिया) शहराने २००५ मध्ये तशी सेवा सुरू केली आणि २०१० मध्ये ती बंद करण्याचे ठरवले. रोहित्र मेगाहर्ट्‌झचा संदेश पुढे जाऊ देत नाही, म्हणून दर रोहित्राला वळण देणारे यंत्र लावावे लागते. अमेरिकेत एका रोहित्रावर थोडीच घरे असल्याने हा खर्च फार होतो. आपल्याकडे एका रोहित्रावर पुष्कळ घरे असतात, हे अनुकूल; पण विखुरलेल्या पाड्यांपर्यंतच्या लांब लघुदाब तारांत संदेश टिकत नाही. भारतात २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याने (पुढे भारतनेट) ग्रामपंचायतींसाठी प्रकाशतंतूचा मार्ग निवडला. वीजतारेचे काम तिथून पुढे, घराच्या आतले. स्मार्ट मीटरच्या आयएस १६४४४ या मानकात दोन्ही बाजूंनी संदेशवहनाची तरतूद आहे. त्यासाठी वीजतार हा अनेक पर्यायांपैकी एक.

पर्याय : कॅट-५ई लॅन केबल (१०० मीटरपर्यंत), मेश वाय-फाय.

परवाना : अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये लावणे कुणालाही करता येते. नवा पॉइंट काढणे, अर्थिंग टाकणे, पेटीत एसपीडी बसवणे ही कामे परवानाधारक वीज ठेकेदाराकडून करून घ्यावी लागतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या कामाचे शिक्षण ‘तारतंत्री’ व ‘वीजतंत्री’ या व्यवसायांत दिले जाते.