दिलेला शब्द कोणाच्या खात्यात?

अभ्यासरजेवर अमेरिकेतील एका विद्यापीठात होतो तेव्हाची गोष्ट. शरद ऋतूतला शनिवार होता. त्या दिवशी फुटबॉलचा सामना असला की तिथे सारे गाव मैदानाकडे निघते. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. शिरस्त्राण घालून, लंबगोल चेंडू छातीशी धरून धावण्याचा तो अमेरिकन खेळ. गर्दीत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा एक गट दिसला. गळ्यात ओळखपत्रे, सोबत आईवडील. त्यांना घेऊन चाललेली तरुणी हातातल्या यादीकडे न बघता प्रत्येकाला नावाने हाक मारीत होती. एका मुलाच्या आजीच्या गुडघेदुखीची चौकशीही तिने केली. ही मुले अजून शाळेत शिकत होती. पुढच्या वर्षी त्यांनी इथे येऊन खेळावे म्हणून विद्यापीठ त्यांची मनधरणी करीत होते, आणि ती तरुणी त्याच कामासाठी नेमलेली पगारी कर्मचारी होती.

मी ज्यांच्याकडे राहत होतो त्या वृद्ध गृहस्थांचा नातू अशाच मुलांपैकी एक. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या सहायक प्रशिक्षकाने त्याला शिष्यवृत्तीसह जागा देऊ केली होती. डिसेंबरात ते प्रशिक्षक नोकरी बदलून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी विनयाने कळवले की, या मुलासाठी आता जागा नाही. आजोबांनी मला विचारले, "तुम्ही सरकारी माणूस. मला एवढेच सांगा, शब्द दिला तो त्या माणसाने की विद्यापीठाने?" मला चटकन उत्तर देता आले नाही. शिवाय माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक जुनी फाईल डोळ्यांसमोर आली. तिच्याविषयी शेवटी सांगेन. उत्तर शोधण्यासाठी मी या भरतीयंत्रणेच्या इतिहासात शिरलो आणि प्रशासनाच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे असे बरेच काही हाती लागले.

सुरुवातीच्या काळात भरतीसाठी वेगळा कर्मचारीवर्ग असा नव्हताच. १९०५ साली मैदानावरील मृत्यूंमुळे देशभर खळबळ उडाली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून समज दिली. पुढील वर्षी महाविद्यालयांची जी संघटना उभी राहिली तीच आजची एनसीएए. तिने नियम सुचवावेत आणि पाळण्याचे काम ज्या त्या महाविद्यालयाने करावे, अशी व्यवस्था होती. प्रत्यक्षात चांगला खेळाडू हेरायचा, त्याला गावात नोकरी मिळवून द्यायची, खोलीभाडे भागवायचे ही कामे माजी विद्यार्थी आणि गावातले व्यापारी करीत. कार्नेगी प्रतिष्ठानाने हॉवर्ड सॅव्हेज यांच्याकरवी या सगळ्याची पाहणी केली. तिचा अहवाल १९२९ च्या ऑक्टोबरात, वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळू लागला त्याच सुमारास, प्रसिद्ध झाला. पाहणीतील ११२ संस्थांपैकी सुमारे तीन चतुर्थांश संस्थांमध्ये खेळाडूंना या ना त्या मार्गाने आर्थिक साहाय्य मिळत असल्याचे तीत आढळले. अहवाल गाजला, आणि अनेक अहवालांचे होते तेच त्याचे झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर एनसीएएने कडक पाऊल उचलले. १९४८ च्या 'सॅनिटी कोड'ने ठरवले की साहाय्य द्यायचे ते गरज पाहून. खेळ पाहून नव्हे. मात्र नियम मोडणाऱ्याला शिक्षा एकच होती, ती म्हणजे संघटनेतून हकालपट्टी. १९५० मध्ये सात संस्थांवर तो प्रसंग आला. १११ मते हकालपट्टीच्या बाजूने पडली, ९३ विरुद्ध. दोन तृतीयांश बहुमत मिळाले नाही. पुढच्याच वर्षी ही संहिता मागे घ्यावी लागली. फाशीखेरीज दुसरी शिक्षाच नसलेला कायदा निकामी ठरतो, हे आपण प्रशासनात वेगवेगळ्या रूपांत पाहतोच. अखेर १९५६ मध्ये खेळाच्या गुणवत्तेवर पूर्ण शिष्यवृत्ती देणे उघडपणे मान्य झाले.

इथून भरतीचे काम माजी विद्यार्थ्यांच्या हातून प्रशिक्षकांच्या हाती येऊ लागले. त्यातून जी रचना रूढ झाली ती आपल्या महसुली रचनेची आठवण करून देते. प्रत्येक सहायक प्रशिक्षकाकडे मैदानावरील एका जागेच्या खेळाडूंची जबाबदारी आणि शिवाय नकाशावरचा एक भाग: अमुक परगणे, तमुक शहरे, तिथल्या शाळा, तिथले क्रीडाशिक्षक. या सर्वांची सांगड घालणारा 'रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर' बहुधा त्यांच्यातलाच एक. आपल्या भाषेत, अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा.

करारही आला. १९६४ पासून 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचे पत्र प्रचारात आले. मुलाने त्यावर सही केली की इतर विद्यापीठांनी त्याचा पिच्छा सोडायचा. हा करार संस्थेशी होता. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर मुलाने सही केली तो दुसऱ्या दिवशी निघून गेला तरी मुलगा बांधलेलाच. १९७३ मध्ये शिष्यवृत्ती एकेका वर्षाची आणि दरवर्षी नूतनीकरणाची झाली. त्याच वर्षी फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांवर १०५ ची मर्यादा आली. ती पुढे ९५ आणि १९९० च्या दशकात ८५ वर आली. पूर्वी श्रीमंत विद्यापीठ भरमसाट मुले घेई आणि त्यांतून निवडी. आता प्रत्येक चुकीची निवड म्हणजे एक जागा वाया, म्हणून पारख करण्याचे काम महत्त्वाचे ठरले.

जुना मार्ग मात्र बंद झाला नव्हता. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे धनिक पाठीराखे खेळाडूंना गुप्तपणे पैसे देत होते. १९८७ च्या फेब्रुवारीत एनसीएएने त्या विद्यापीठाचा त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम रद्द केला. नंतर टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबुली दिली की, ते विद्यापीठाच्या नियामक मंडळावर असताना, हे पैसे एकदम थांबवायचे नाहीत, हळूहळू बंद करायचे, असे ठरले होते. ज्या मुलांना आधीच कबूल केले आहे त्यांचे काय, हा त्यामागचा विचार. बेकायदा शब्द पाळण्यासाठी नियामक मंडळ बसले होते. कायदेशीर शब्द पाळला जातो की नाही हे पाहायला असे मंडळ मला कुठे आढळले नाही.

पुढचा टप्पा नियमांच्या बारकाव्याचा. मुलांना उसंत मिळावी म्हणून वर्षाचे भाग पाडले गेले. एका काळात घरी जाऊन भेटता येते, एका काळात फक्त खेळ पाहता येतो, एका काळात मुलाला केवळ आपल्या आवारात भेटता येते, तर एका काळात समोरासमोर भेट पूर्ण वर्ज्य. फोन किती करायचे तेही ठरले. २००७ मध्ये मोबाइलवरून संदेश पाठवण्यावर बंदी आली; फुटबॉलपुरती ती २०१६ मध्ये उठली. केवळ खेळ पाहण्याच्या काळात शाळेत गेलेल्या प्रशिक्षकाची मुलाशी 'योगायोगाने' गाठ पडू लागली, तेव्हा २००८ पासून मुख्य प्रशिक्षकांना वसंत ऋतूतील त्या काळात दौऱ्यावर जायलाच मनाई झाली. या नियमांवर देखरेखीसाठी विद्यापीठांत स्वतंत्र नियमपालन कक्ष आले.

प्रशिक्षकांची संख्याही मोजलेली होती: मुख्य प्रशिक्षक आणि नऊ सहायक, २०१८ पासून दहा. मग जे आपल्याकडे होते तेच तिथे झाले. आपण मंजूर पदे गोठवली की रोजंदारी, कंत्राटी, बाह्यस्रोत अशी नावे घेऊन माणसे त्याच कचेरीत येऊन बसतात. तिथे न मोजलेल्या पदांचे पीक आले. निक सेबन २००७ मध्ये अलाबामा विद्यापीठात आले. त्यापूर्वी त्यांनी व्यावसायिक फुटबॉलमध्ये काम केले होते. तिथली 'प्लेअर पर्सोनेल' ही कल्पना, म्हणजे प्रत्येक जागेसाठी उंची, वजन, वेग यांचे मापदंड आणि त्यानुसार चित्रफिती पाहून गुणांकन, त्यांनी मोठ्या प्रमाणावर राबवली. इतरांनी अनुकरण केले. एक शाखा चित्रफिती पाहणार, दुसरी भेटीचा शनिवार आखणार, तिसरी मुलाला पाठवायची चित्रे तयार करणार. मला दिसलेली तरुणी या दुसऱ्या शाखेतली.

निवड अचूक होत गेली यात शंका नाही. पण पारखणारा वेगळा, बोलणारा वेगळा, पाहुणचार करणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा झाला. प्रत्येकाने आपले काम चोख केले तरी मुलाला दिलेला शब्द कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हता. नियमांनी फोन मोजले, भेटी मोजल्या, माणसे मोजली. तोंडी प्रस्ताव मात्र मोजला नाही. तो कितीही मुलांना द्यावा आणि केव्हाही विसरावा.

अलीकडच्या वर्षांत चित्र पुन्हा पालटले आहे. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची सामायिक नोंदवही सुरू झाली. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये ते जुने 'लेटर ऑफ इंटेंट' बंद झाले. न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आता 'जनरल मॅनेजर' हे पद प्रतिष्ठेचे झाले आहे. स्टॅनफर्डने २०२४ च्या नोव्हेंबरात त्या पदावर आपला माजी खेळाडू अँड्र्यू लक याला नेमले आणि सबंध फुटबॉल कार्यक्रमाची सूत्रे त्याच्याकडे दिली. पैशांच्या या लोंढ्याविषयी मतभेद असू शकतात. पण निदान कागदावर रक्कम, मुदत आणि सही असते, आणि आजोबांच्या प्रश्नाला बोट दाखवण्याजोगे एक नाव मिळते.

आता माझी फाईल. पूर्व भारतात नेमणुकीवर असताना मी खेळाडूंच्या राखीव जागांसाठीच्या निवड समितीचा सदस्य-सचिव होतो. एका हॉकीपटूला चाचणीनंतर समितीतील एकाने सांगितले, "तुझे झालेच समज." मुलाने दुसरीकडे आलेली नोकरी सोडली. ते गृहस्थ बदलून गेले, पद त्या वर्षी भरलेच गेले नाही. मुलगा माझ्याकडे तीनदा आला. तिसऱ्या वेळी त्याने एवढेच विचारले, "साहेब, मग मला सांगितले होते ते कोणी?" मी म्हणालो, फाईलवर तसे काही नाही. ते खरेच होते. ते वाक्य ऐकताना मी शेजारीच बसलो होतो, हेही खरे होते.

अमेरिकेहून परतल्यावर मी त्या मुलाचा पत्ता शोधून त्याला पत्र लिहिले. नोकरी देणे माझ्या हातात राहिले नव्हते. त्याला तसे सांगणे ही समितीची चूक होती आणि मी ती त्याच वेळी दुरुस्त करायला हवी होती, एवढेच त्यात होते. खाली माझे नाव आणि सही. त्यानंतरच्या प्रत्येक समितीत मी एक शिरस्ता पाळला: उमेदवाराशी जो कोणी जे काही बोलेल, ते त्याने त्याच दिवशी फाईलवर लिहून खाली सही करायची. पहिल्या काही बैठकांत सदस्य नाराज झाले. मग ते उमेदवारांशी कमी बोलू लागले.