शेजारच्या देशात जायचे, पण कोणाच्या विमानाने?

तळोज्याच्या एखाद्या तरुणाला चार दिवस कोलंबोला किंवा काठमांडूला जाऊन यायचे असेल, तर तो मोबाइल उघडून भाडे, सामानाची मर्यादा आणि सुटण्याची वेळ ताडून पाहतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यातच नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यामुळे विमान कुठून पकडायचे हाही प्रश्न आता त्या हिशेबात आला आहे. मात्र विमान कंपनी प्रवाशाने निवडायची, ही सवय आपल्याकडे फार जुनी नाही. शेजारच्या देशाच्या बाबतीत ही निवड बहुतेक काळ दोन सरकारांनी परस्पर केली. कोणता मुलूख ‘शेजारचा देश’ आहे, हेसुद्धा सत्तांनीच ठरवले.

कराचीचेच पाहा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड तळावरून पुस मॉथ जातीचे छोटे विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात टपालाच्या थैल्या होत्या. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठचा चिखलाचा पट्टा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई आणि सगळा कारभार पुण्याला येरवड्याजवळ हलवावा लागे. पण या उड्डाणाला ‘परदेशी’ म्हणता येणार नाही. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ रोजी आणि वेगळ्या देशात गेला १९४७ मध्ये. मार्ग तोच, अंतर तेवढेच. मध्ये सीमा आली.

सीमा आली की आकाशही वाटले जाते. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची त्याच्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असते; परवानगीवाचून दुसऱ्या देशाची नियमित विमानसेवा तिथे चालू शकत नाही. म्हणून दोन देश आपसांत करार करतात आणि कोणत्या कंपनीने कोणत्या शहरांदरम्यान उडायचे ते ठरवतात. प्रवाशाचा क्रम त्यानंतर.

याचा सर्वांत विलक्षण नमुना महाराष्ट्राच्या अगदी उंबऱ्याशी घडला. स्वतंत्र भारत आणि पोर्तुगीज गोवा हे १९६१ पर्यंत शेजारी देश होते. गोवामुक्तीच्या प्रश्नावर भारताने आर्थिक नाकेबंदी केली, १९५५ मध्ये रेल्वेसंपर्क तुटला, मुंबई-गोवा बोटीही बंद झाल्या. पोर्तुगीजांनी त्याच वर्षी दाभोळीचा विमानतळ सुरू केला आणि ‘ट्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंडिया पोर्तुगेझा’ ही कंपनी काढली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात, पुढे लिस्बनपर्यंतही. मुंबईला मात्र नाही. गोव्याची असंख्य माणसे मुंबईत नोकरीला, कुडांत राहणारी. पण गोव्याच्या विमानतळावरून त्यांच्याकडे जाणारे विमान नव्हते, आणि कितीतरी दूरच्या कराचीला मात्र होते. तिकिटाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला पर्याय कसला उरणार!

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने त्या फुटक्या धावपट्टीवरून उडाली आणि कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. गोवा शेजारचा देश उरला नाही आणि त्या कंपनीचे गोव्यातले पर्वही संपले.

इकडे भारतात १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स ॲक्टने खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. दूरचे देश एअर इंडिया इंटरनॅशनलकडे, तर देशांतर्गत मार्ग आणि शेजारी देश मुख्यतः इंडियन एअरलाइन्सकडे, अशी वाटणी झाली. काठमांडूला जायचे तर इंडियन एअरलाइन्स किंवा रॉयल नेपाळ. कोलंबोला तीच किंवा एअर सिलोन. लांबच्या मार्गावरची एखादी परदेशी कंपनी वाटेत थांबे, तिचा काहींना उपयोग होई. एरवी एक सरकारी विमान आपले, एक त्यांचे. याला निवड म्हणणे म्हणजे शब्दाची चैनच.

आणि तेवढेही टिकेल याची हमी नसे. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला नेऊन जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. युद्धानंतर दोन्ही देशांतली विमानसेवा सुरू व्हायला १९७६ उजाडले. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून ती पुन्हा दोन वर्षे थांबली.

खासगी कंपन्यांची कोंडी फुटली ती हळूहळू. जुना कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, तरी परदेशाचे दार बंदच होते. ते प्रथम उघडले शेजाऱ्यांच्या बाजूने: २००४ मध्ये जेट एअरवेजने चेन्नई-कोलंबो सेवा सुरू केली. पुढे पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने ही अट आली. म्हणूनच २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोचे पहिले परदेशी उड्डाण २०११ चे आहे. अनुभवाची अट २०१६ मध्ये गेली. आज मोबाइलवर दिसणारी कंपन्यांची लांबलचक यादी इतकी अलीकडची आहे.

त्या यादीत कराची शोधली, तर मात्र चित्र वेगळे दिसते. मुंबई-कराची अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. पीआयएची मुंबईची सेवा २०१७ मध्ये थांबली. एप्रिल २०२५ पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद केले. आता एके काळी एकाच इलाख्यात असलेल्या या दोन शहरांमधला विमानप्रवास दुबईसारख्या आखाती शहरात उतरून, तिसऱ्याच देशाच्या कंपनीच्या विमानाने करावा लागतो.