गाढ, सम आणि शिथिल

तीन वर्षांपूर्वी माझी भाची एक पोशाख घेऊन दुकानात आली. छातीखालून गुडघ्यापर्यंत येणारा, जाड ताणकापडाचा, एका बाजूला हुकांची रांग आणि त्यावर चेन. पोटावरची व मांड्यांवरची चरबी काढण्याची, म्हणजे लायपोसक्शनची शस्त्रक्रिया होऊन तिला बारा दिवस झाले होते. घरी हे फक्त तिला आणि तिच्या आईला ठाऊक होते. "मामा, सूज उतरली, आता हा सैल होतोय. जरा आत घेऊन दे ना," ती म्हणाली. शिवणकाम आमच्या घरात वडिलांपासून आहे. मी काही न विचारता दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे आत घेतले. चौथ्या दिवशी तिच्या पोटाच्या वळीवर फोड आले आणि गुडघ्याखाली पाय सुजला. तपासणीत रक्ताची गुठळी निघाली नाही, एवढेच नशीब. "हे आत कोणी घेतलं?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिने माझे नाव सांगितले नाही.

शरीरावर दाब किती द्यावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

पहिले उत्तर सापडले सुश्रुतसंहितेत. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात व्रणावर बांधायच्या बंधांचे चौदा प्रकार आहेत: कोश, दाम, स्वस्तिक, गोफणा इत्यादी. ही यादी बहुतेकांनी ऐकलेली असते. मला मात्र त्यापुढची विभागणी मोलाची वाटली. बंध तीन तऱ्हांचा: गाढ, सम आणि शिथिल. गाढ म्हणजे दाबेल पण दुखवणार नाही असा, शिथिल म्हणजे आत हवा खेळेल असा, आणि सम या दोहोंमधला. मांड्या, नितंब, काखा येथे गाढ. पोट, छाती, पाठ येथे सम. डोळे व सांधे येथे शिथिल. म्हणजे एकाच देहावर सगळीकडे सारखा दाब चालत नाही. आणि गाढ बंधालाही वेदनेची मर्यादा आहे.

चरबी काढण्याच्या इतिहासात या मर्यादेचा विसर महागात पडला आहे. १९२०च्या दशकात पॅरिसचे शल्यविशारद शार्ल दुजारिये यांनी एका तरुणीच्या पिंढऱ्या बारीक करण्यासाठी चरबी खरवडून काढली. पायाला गँगरीन झाले, पाय कापावा लागला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे १९७०च्या दशकात रोममध्ये अर्पाद व ज्योर्जिओ फिशर या पितापुत्रांनी आणि पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी लहान छिद्रातून पोकळ नळी घालून चरबी ओढून घेण्याची रीत रुळवली. नळी जिथून फिरते तिथे कातडीखाली बोगद्यांसारख्या पोकळ्या राहतात. त्यांत द्रव साचतो, रक्त पसरते. बाहेरून दाब दिला की पोकळ्या मिटतात, सूज आवरते. हे या पोशाखाचे काम.

दाब मोजायची वाट मात्र एका रुग्णाने दाखवली. अमेरिकेतील जर्मन वंशाचे अभियंते कॉनराड जोब्स्ट यांना पायांच्या शिरांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की त्यांच्या पायांना आराम पडे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. दर १० सेंटिमीटरला साधारण ७ मिलिमीटर पाऱ्याइतका. म्हणजे घोट्याला जास्त, वर येईल तसा कमी. हाच उतरता दाब त्यांनी मोज्यात उतरवला आणि १९५०मध्ये ओहायोतील टोलेडो येथे कंपनी काढली. १९५८मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला आणि असे कपडे हलके झाले.

कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७मध्ये भरपूर पातळ केलेले भूल-द्रावण चरबीत भरून लायपोसक्शन करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नंतर त्यांनी दाबाचेही दोन टप्पे सांगितले: जखमेतून द्रव झिरपतो तोवर जास्त, झिरपणे थांबले की बेताचा. नंतरही जोर कायम ठेवला, तर शरीराने आतला द्रव शोषून नेण्याच्या कामात अडथळा येतो. हे वाचताना मी थांबलो. ज्या टप्प्यावर दाब कमी व्हायला हवा, त्याच टप्प्यावर मी तो वाढवला होता. तोही नेमका पोटावर आणि गुडघ्यापाशी.

आमची चूक कुठून आली? आपल्याकडे जुन्या मऊ लुगड्याने बाळंतिणीचे पोट बांधतात. त्यात आधार असतो आणि "पोट सुटू नये" ही इच्छाही. जखम भरण्यासाठीचा दाब आणि आकार मिळवण्यासाठीचा दाब आपल्या मनात एकमेकांत मिसळलेले आहेत. जितके आवळू तितके बारीक होऊ, असे भाचीला वाटले. मलाही वाटले. शिवाय गोष्ट लपवायची होती, म्हणून डॉक्टरांना विचारण्याऐवजी मामाला विचारले गेले.

कापड मी कापले नव्हते. शिवणीत माया ठेवायची ही वडिलांची शिकवण कामी आली. टाके उसवले आणि पोशाख पूर्ववत झाला. भाची बरी झाली. आता असा पोशाख दुकानात आला की मी टेप हातात घेण्याआधी दोन गोष्टी विचारतो: शस्त्रक्रिया कधी झाली, आणि डॉक्टर काय म्हणाले? दुसऱ्याचे उत्तर नसेल, तर पोशाख तसाच परत देतो.