यकृत् रोग फलानुमानाच्या गुणांक पद्धती

चिरकारी (दीर्घकालीन) यकृत् रोगाचा रुग्ण किती काळ जगू शकेल याचा अंदाज, म्हणजे फलानुमान, निवडक लक्षणांना व रक्ततपासण्यांना अंक देऊन करण्याच्या या रीती होत. त्यांचा उगम शस्त्रक्रियेतील धोका मोजण्याच्या गरजेतून झाला. पुढे दुर्मिळ यकृत् कोणास प्रथम द्यावे, हे ठरविण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

यकृत् सूत्रण रोगात (सिऱ्होसिसमध्ये) यकृतात तंतुमय ऊतक वाढून प्रतिहारी नीलेतील रक्तप्रवाहास अडथळा होतो. नीलेतील दाब वाढतो आणि ग्रसिकेच्या खालच्या भागातील नीला फुगून फुटतात. हा दाब उतरविण्यासाठी प्रतिहारी नीला अधोमहानीलेस जोडण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. परंतु रक्तस्राव थांबूनही कित्येक रुग्ण यकृत् निकामी होऊन दगावत. ही शस्त्रक्रिया कोणास झेपेल हे ठरविण्यासाठी मिशिगन विद्यापीठातील चार्ल्स गार्डनर चाइल्ड व जेरेमाया टर्कॉट यांनी १९६४ मध्ये रुग्णांचे अ, ब व क असे तीन वर्ग सुचविले. रक्तातील पित्तारुण (बिलिरुबीन) व अल्ब्युमीन, जलोदर, मेंदूवरील परिणाम आणि पोषण या पाच गोष्टी त्यासाठी पाहिल्या जात. त्यांची निवड अनुभवावर आधारलेली होती. पोषण ‘चांगले’ की ‘हीन’, हे तर सर्वस्वी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असे.

लंडन येथील किंग्ज कॉलेज रुग्णालयातील आर. एन. एच. प्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ग्रसिकाछेदनाच्या ३८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पोषण वगळून रक्तक्लथनास (रक्त गोठण्यास) लागणारा काळ घेतला व प्रत्येक घटकास १ ते ३ गुण दिले. बेरीज ५-६ असल्यास अ, ७-९ असल्यास ब व १०-१५ असल्यास क वर्ग ठरतो. रुग्णाच्या खाटेजवळ उभ्याउभ्या करता येणारी ही बेरीज आजही वापरात आहे. तथापि, पित्तारुण १०० मिलि.मध्ये ४ मिग्रॅ. असो वा ४०, गुण तीनच मिळतात, हा तिचा मोठा दोष होय.

दुसरी पद्धतही याच दाबाच्या प्रश्नातून निघाली. मानेतील नीलेतून नळी घालून यकृतातच जोडमार्ग करण्याचे तंत्र आले, तेव्हा त्यानंतरच्या मृत्यूचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी चार केंद्रांतील २३१ रुग्णांवरून २००० मध्ये एक सूत्र मांडले. २००१ मध्ये पॅट्रिक कामत व सहकाऱ्यांनी ते इतर यकृत् रुग्णांनाही लागू पडते, असे दाखविले. ‘मेल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सूत्रात पित्तारुण, क्लथनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर आणि वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य दर्शविणारे क्रिॲटिनीन यांचे नैसर्गिक लॉगरिथम घेतात. जलोदर व मेंदूविकृती यांना त्यात स्थान नाही.

हे वगळणे महत्त्वाचे ठरले. अमेरिकेत तोपर्यंत प्रतिरोपणासाठी यकृत् देताना प्रतीक्षेचा काळ आणि प्यू यांचे गुण विचारात घेतले जात. त्यामुळे लवकर नोंद झालेला, पण स्थिर प्रकृतीचा रुग्ण मरणासन्न रुग्णाच्या पुढे राहू शके. शिवाय जलोदर सौम्य की तीव्र, हे ठरविणारा वैद्य स्वतःच्याच रुग्णाचा कैवारी असे. फेब्रुवारी २००२ पासून वाटप मेल्ड गुणांकानुसार (६ ते ४०) होऊ लागले व यादीवरील मृत्यूंचे प्रमाण घटले.

परंतु प्रयोगशाळेतील आकडाही सर्वांस सारखा न्याय देत नाही. क्रिॲटिनीन स्नायूंपासून तयार होते. स्त्रियांचे स्नायू सामान्यतः कमी असल्याने वृक्के तितकीच बिघडली, तरी त्यांचा आकडा लहान दिसतो. परिणामी मेल्डच्या काळात स्त्रियांना यकृत् मिळण्याची शक्यता पुरुषांहून कमी व यादीवर मृत्यू येण्याची अधिक असल्याचे २००८ मध्ये निदर्शनास आले. २०१६ मध्ये वाटपाच्या गुणांकात रक्तरसातील सोडियम आले. स्त्रियांची तूट भरून काढण्यास मात्र जुलै २०२३ उजाडावा लागला. तेव्हा अमलात आलेल्या सुधारित सूत्राने स्त्रियांना १·३३ गुण अधिक दिले, क्रिॲटिनिनाची कमाल मर्यादा ४ वरून ३ वर आणली आणि १९६४ च्या यादीतील अल्ब्युमीन पुन्हा गणनेत घेतले.